गाठ नसलेली बाटली

आमच्या कारखान्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा एक स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर शेठचा हार घातलेला फोटो, शेवटी जाहिराती. सुरुवातीच्या दिवसांवरच्या लेखात एक वाक्य आहे: ‘एका भांडारपालाच्या हलगर्जीपणामुळे एक दुःखद घटना घडली, परंतु व्यवस्थापनाने तातडीने पावले उचलून कामगारांचा विश्वास परत मिळवला.’ छापायला जाण्याआधी तो लेख माझ्याकडे तपासायला आला होता. सगळ्यांत जुना माणूस म्हणून. मी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या, एक पूर्णविराम घातला आणि ते वाक्य तसंच राहू दिलं.

तो भांडारपाल म्हणजे आमचे मास्तर. आता मला चष्मा लावूनही नीट दिसत नाही, पण लिहिण्यापुरतं दिसतंय तोवर त्यांच्याबद्दल लिहून ठेवायला हवं.

मास्तर आधी कल्याणच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे. तिथे हेडमास्तरांशी बिनसलं. कारण विचारलं तर म्हणायचे, “त्यांना प्रयोगशाळेला कुलूप हवं होतं, मला मुलं हवी होती.” उंच, वाकलेले, अंगात कायम बिनइस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी सुतळीचं बंडल. चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. ती का, ते पुढे येईल. कल्याणहून ठाण्याला यायचे आणि तिथून सायकलवर कोलशेतला. सायकलच्या घंटीलाही सुतळी बांधलेली होती. एक गाठ. “ही वाजत नाही, हे मला हाताला कळायला नको का?”

मला त्यांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं, ‘बीएस्सी’. मी नुकताच पास झालो होतो आणि ते कुणाला सांगायचं राहू देत नव्हतो. “ए बीएस्सी, तुमच्या पुस्तकात हे आहे का रे?” असं विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता निघून जायचे.

कारखाना म्हणजे खाडीच्या बाजूला एक पत्र्याची शेड. लढाई संपल्यावर कल्याणजवळच्या लष्करी छावणीतला माल लिलावात निघाला, तेव्हा शेठनी पिंपांचा एक ढीग उचलला होता. पिंपांत पाण्यासारखं स्वच्छ, जरा जाडसर तेल. ब्रह्मदेशच्या जंगलात सैनिक अंगाला लावायचे, डास चावू नयेत म्हणून. नाव लांबलचक, डायमिथाइल थॅलेट. शेडमध्ये सगळे ‘मच्छर तेल’ म्हणत. आम्ही त्यात गवती चहाचा अर्क घालायचो आणि बाटल्या भरायचो. खाडीकाठचे डास ज्यांनी पाहिलेत त्यांना हा धंदा का चालला ते सांगायला नको.

पिंपांवर लष्करानं इंग्रजीत सूचना रंगवल्या होत्या, पण त्या वाचताच येत नव्हत्या. कारण या तेलाची एक खोड होती. ते रंग खायचं. शाई खायचं. बाटलीच्या तोंडाशी एक ओघळ आला की लेबलावरची अक्षरं विरघळून निळा डाग उरायचा. टेबलाचं पॉलिश गेलं. माझ्या नव्या फाउंटन पेनचं टोपण हाताला चिकटायला लागलं. बाटल्या भरणाऱ्या बायकांच्या हातातल्या प्लास्टिकच्या बांगड्या मऊ पडल्या, तेव्हा दोघीतिघी घाबरून घरी गेल्या. सौभाग्याचं लेणं असं वितळतं म्हणजे काय! आणि मास्तरांच्या चष्म्याची काडी वाकून गालावर आली. तीच ती तारेची काडी.

मास्तरांनी काय करावं? एक सेल्युलॉइडचा कंगवा आणला आणि तेलाच्या बशीत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढून सगळ्यांना बोलावलं. कंगव्याचे दात गुळाच्या पाकासारखे एकमेकांत गेले होते. “कंगव्याला डोळे नसतात,” ते म्हणाले. “नाक नसतं, पोट नसतं. तुम्हाला आहे.”

लेबल टिकत नाही आणि टिकलं तरी वाचणार कोण? बायका आजूबाजूच्या गावांतल्या, आगरी, काही कोळी. अक्षरओळख एखादीला. म्हणून मास्तरांनी सुतळीच्या गाठी काढल्या. बाटलीच्या मानेला सुतळी, आणि सुतळीला गाठी. एक गाठ: वापरल्यावर हात धुवा. दोन: डोळ्यांपासून लांब. तीन: तोंड आणि नाक यांच्या आसपाससुद्धा नको. चार गाठी फक्त तेजाबाच्या बरणीला: हात लावू नका, मला हाक मारा. ज्याला गाठ नाही ते निर्धोक. प्यायचं पाणी, बायकांचे हात फुटू नयेत म्हणून ठेवलेलं खोबरेल, चहाची साखर. “गाठ नाही ते ताटातलं,” हे त्यांचं वाक्य. शेडमध्ये ते इतक्या वेळा ऐकू यायचं की मला त्याचा वीट आला होता.

दर सोमवारी परीक्षा. बायकांना ओळीत उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे आणि पाठीमागे हातात बाटली द्यायची. बोटांनी गाठी मोजायच्या आणि काय करायचं ते सांगायचं. बायका खिदळायच्या. एक म्हातारी होती, सगळ्यांत तिखट. तिनं एकदा चार गाठी चाचपल्या आणि डोळे मिटूनच विचारलं, “मास्तर, ह्यो शेठ हाय काय?” मास्तर आठवडाभर हसत होते. शेठना ते कळलं, पण ते हसले नाहीत.

“सुतळीच का?” मी विचारलं होतं. मला पत्र्याचे रंगीत बिल्ले हवे होते. परदेशी मासिकात पाहिले होते.

“कागद भिजला की फाटतो, रंग हे तेलच खातं. सुतळी भिजली की गाठ आणखी घट्ट बसते. बीएस्सीत नाही शिकवलं?”

तेलाच्या बाटलीला आधी दोन गाठी होत्या. तो वर्ग, म्हणजे कशाला किती गाठी ते, ठरवला त्या दिवसाची गोष्ट सांगायला हवी. शेठचं म्हणणं, एक गाठ पुरे. डोळ्यात गेलं तर पाण्याखेरीज काय येणार आहे? मास्तरांनी काही वाद घातला नाही. काडीचं टोक बुडवून एक थेंब स्वतःच्या डाव्या डोळ्यात टाकला. आम्ही सगळे बघत राहिलो. शेठ उठून गेले. मास्तर संध्याकाळपर्यंत लालभडक डोळा घेऊन, पाण्याच्या घंगाळापाशी बसून होते आणि मला भांडाराच्या वहीत उतरवायला मजकूर सांगत होते. “लिही. डोळा. फार जळजळ. चौथ्या तासाला उतार. डोळा माझा.” मी विचारलं, “आणि गिळल्यावर काय होतं ते?” “ते करून बघणार नाही. वही कोण लिहील मग, तू?”

खरं म्हणजे त्या दिवसापासून वही मीच लिहू लागलो. त्या डोळ्यानं त्यांना बारीक अक्षर नीट दिसेना. तेलामुळे की वयामुळे, ते मला माहीत नाही; ते स्वतः वयामुळे म्हणायचे. ते सांगायचे, मी लिहायचो, महिन्याच्या शेवटी प्रत्येक पानावर ते सही करायचे. आधी मी पान वाचून दाखवायचो. मग एके दिवशी म्हणाले, “राहू दे रे. तुझं अक्षर आहे, वाचायचं काय.”

दोनाच्या तीन गाठी कशा झाल्या, ते मला तेव्हा पटलं नव्हतं. मास्तरांनी एका बाईला पदराआड छोटी बाटली नेताना पाहिलं. विचारलं तर म्हणाली, घरी तान्हं आहे, डास फोडून काढतात त्याला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्यांना तिसरी गाठ पडली. मी भांडलो. मी म्हटलं, “मास्तर, तेल तेच आहे. काल दोन आणि आज तीन? पदार्थाचा वर्ग असा बदलत नसतो.”

“पदार्थाचा नाहीच बदलला,” ते म्हणाले. “वर्ग तेलाचा नसतो रे. माणूस त्या तेलाचं काय करील, त्याचा असतो. शिपायाच्या हातात हे दोन गाठींचं. बाळंतिणीच्या खोलीत गेलं की तीन.”

मला ते अडाणीपणाचं वाटलं. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढे जे झालं ते केवळ शेठच्या दडपणानं झालं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. मला मास्तर चुकलेले हवे होते.

दुकानदार तक्रार करायचे. “हा काय गंडा-दोरा बांधलाय? गिऱ्हाईक विचारतं, तेल आहे का उतारा?” शेठ चिडायचे, पण मास्तरांसमोर त्यांचा आवाज निघत नसे. त्या डोळ्याच्या दिवसापासून ते त्यांच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत.

मग दिवाळी आली. मास्तरांच्या बायकोला विषमज्वर झाला आणि ते पंधरा दिवस रजेवर गेले. जाताना मला सांगून गेले, “बाटली बाहेर जाताना मानेला हात लावून बघत जा. डोळ्यानं नको, हातानं.”

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. कामगारांना दिवाळीची भेट द्यायची होती, प्रत्येकाला एकेक बाटली. “गवती चहाचा वास नको, सणाला बरा नाही वाटत. मोगरा घाला. आणि ती सुतळी काढा हो. लक्ष्मीपूजनाला दोरे बांधून देणार का? तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच सांगा, इतकं काय आहे त्यात?”

“तसं काही नाही,” मी म्हणालो.

“मग वहीत तसं लिहा. आता तुम्हीच आहात तिथे.”

मी मोगऱ्याचा अर्क घातला. लेबलाच्या जागी लक्ष्मीचं चित्र चिकटवलं, तेलाचा ओघळ पोचणार नाही अशा बेतानं जरा खाली. वहीत लिहिलं, ‘मच्छर तेल, भेटीच्या बाटल्या. साधा वर्ग. गाठ अनावश्यक.’ फार छान अक्षरात लिहिलं. वाटताना शेठनी मच्छर तेल म्हणून सांगितलं होतं, हेही नोंदवतो. पुरुषांच्या घोळक्यात एकदा सांगितलं आणि पेढे वाटायला सुरुवात केली.

मास्तर परत आले ते खंगलेले. बायको वाचली होती. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “भेटीच्या बाटल्या गेल्या म्हणे. गाठी मारल्यास ना?”

मी म्हणालो, “हो.”

का म्हणालो? कटकट नको म्हणून. त्यांचा चेहरा थकलेला होता म्हणून. खरं सांगितलं असतं तर ते त्याच संध्याकाळी सायकल घेऊन गावोगाव घरं पालथी घालत हिंडले असते, आणि माझं हसं झालं असतं म्हणून. महिनाअखेर होती. मी वही पुढे केली आणि त्यांनी पानापानावर सही केली. त्या पानावरही.

हिरा आमच्याकडे बाटल्या भरायची. बाळंतपणासाठी घरी होती. तिचा नवरा मालाच्या गाडीवर. बाटली त्यानं घरी आणून फळीवर ठेवली आणि विसरून गेला. मुलगा झाला. बारा दिवसांनी सासूला खोबरेल संपलेलं दिसलं. फळीवर बाटली, वर लक्ष्मी, आत मोगऱ्याचं तेल. तिनं नातवाला मांडीवर घेतलं, टाळू भरली, अंग चोळलं, कानांत दोन थेंब घातले आणि नाकात दोन थेंब. आपल्याकडे घालतात तसे. तीन दिवस घातले. चौथ्या दिवशी पोराला श्वास घेता येईना. ठाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, तेल छातीत उतरलंय. संध्याकाळी गेलं ते.

शेठचं म्हणणं होतं की कुठलंही तेल नाकात घातलं तरी असं होऊ शकतं, खोबरेलसुद्धा. हे चुकीचं नाही. मी नंतर पुस्तकांत पाहिलं, होऊ शकतं. या एका वाक्याच्या आडोशाला मी आयुष्य काढलं.

ठाण्याहून एक अधिकारी चौकशीला आले. केबिनमध्ये शेठ, अधिकारी, मास्तर, मी, आणि दाराशी हिरा. सासू आलीच नाही. तिनं अन्न सोडलं होतं. शेठनी वही उघडून त्या पानावर बोट ठेवलं. “आमच्याकडे वर्ग ठरवण्याचं काम यांचं. बघा, सही आहे.”

अधिकाऱ्यांनी हिराला विचारलं, “बाई, मच्छर तेल आहे हे ठाऊक नव्हतं का तुम्हाला?”

ती त्यांच्याशी बोललीच नाही. मास्तरांकडे बघून म्हणाली, “बाटलीला गाठ नव्हती, मास्तर. सासूनी मना हाक मारली, ह्या तेल चालंल काय? मी बोलले, गाठ हाय काय बघ. ती बोलली, नाय. मग मी बोलले, घाल. तुमीच सांगलेला ना? गाठ नाय ता ताटातला.”

अधिकाऱ्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही.

मास्तरांनी वही जवळ ओढली. उजव्या डोळ्यापाशी धरून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अक्षर कुणाचं, ते शेडमधल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्यांनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. त्यावरही लक्ष्मीच होती.

“सही माझी आहे,” मास्तर म्हणाले. “सही केली म्हणजे वाचलं.”

त्याच दिवशी त्यांना काढलं. सुतळीचं बंडल ते टेबलावर ठेवून गेले. त्यांची जागा मला मिळाली. मी पत्र्याचे रंगीत बिल्ले आणले.

पुढे ते डोंबिवलीला राहायला गेले. तेव्हा तिथे स्टेशनापासून जरा लांब गेलं की गवतच होतं. दोन खोल्यांत शिकवण्या घ्यायचे. सहा-सात वर्षांनी मी तिथे गेलो. लग्न झालं होतं, मला मुलगा झाला होता, आणि घरात त्याची टाळू भरताना मी बाहेर जाऊन उभा राहायचो. तेवढ्यासाठीच गेलो.

दार काकूंनी उघडलं. आत रॉकेलच्या बाटलीला तीन गाठी, फिनेलला तीन, आयोडीनला दोन. “लग्नात एकच गाठ मारली यांनी,” काकू म्हणाल्या, “पुढच्या सगळ्या बाटल्यांना.” त्या हसल्या आणि चहा ठेवायला गेल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, “मास्तर, ती नोंद...”

“बीएस्सी, मला सांगू नकोस. मला तेव्हाच कळलं. मला सांगून काय होणार? तिला सांग.”

“काय सांगू?”

“की तिला बरोबर आठवत होतं. तिनं काही चूक केली नाही. इतकी वर्षं तिला वाटत असेल आपणच ‘घाल’ म्हणालो. जा, आणि सांगून मग ये.”

मी पुढच्या रविवारी कोलशेतला गेलो. हिरानं मला ओळखलं. सासू गेली होती. अंगणात दोन मुली खेळत होत्या. तिनं मला चौकटीत बसवलं आणि पाणी आणायला आत गेली, तेव्हा मला तिची फळी दिसली. रॉकेलच्या बाटलीला तीन गाठी. मिठाच्या बरणीला तीन. तेलाला, गुळाच्या डब्याला, हळदीला, पाण्याच्या कळशीच्या गळ्यालाही तीन. गाठ नसलेलं त्या घरात काही नव्हतं.

“सगळ्यालाच?” मी विचारलं.

“मंग?” ती म्हणाली. “बिनगाठीची खरी कंची ता कसा कलाचा?”

मी पाणी प्यालो. म्हणालो, “मास्तरांनी पाठवलंय.”

ती उंबऱ्याशी बसली. मग म्हणाली, “कसं हायेत? डोलं बरं हाय त्यांचं? त्यांना सांगा, माजा राग नाय आता. तवा लय व्हता. तल्तलाट दिल्ता मी त्यांना. पण मानूस चुकतं. एकदा चुकलं ते. येवढं सांगा त्यांना माजं नाव घेऊन.”

तोंडाशी आलेलं होतं. एक वाक्य होतं. “ते चुकले नाहीत,” एवढंच. मुली धावत आल्या, एकीनं माझ्या हातातलं भांडं घेतलं. मी उठलो. “सांगतो,” म्हणालो.

डोंबिवलीला मास्तर दारातच खुर्ची टाकून बसले होते. मला बघून त्यांनी पुस्तक मिटलं.

“सांगितलंस?”

मी म्हणालो, “हो.”

“काय म्हणाली?”

“राग नाही म्हणाली.”

“तुझ्यावर?”

“हो.”

त्यांनी तारेचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. वहीचं ते पान वाचल्यावर जसं पाहिलं होतं तसं ते माझ्याकडे पाहतील या भीतीनं मी खाली बघत होतो. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच. कधी कुणाला हात लावणारे नव्हते ते.

“बरं झालं,” ते म्हणाले. “आता मला तिची काळजी नाही.” आणि आत वळून काकूंना हाक मारली, “अगं, दोन कप टाक. आपला बीएस्सी आलाय.”